मी, चार शब्दांचं वर्णन

मी एका टूलचं, म्हणजे संगणकावर एकच काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, वर्णन बोलतोय. टूल नव्हे हं, नुसतं वर्णन. काम ते करतं, मिरवतो मी.

माझा जन्म डोळ्यांच्या एका दवाखान्यात, तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत झाला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमनी रोजच्या बारीकसारीक कामांसाठी एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून स्वतःच उरकणारा मदतनीस, आणला होता. त्याला टूलच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. कुठलं टूल कधी उचलायचं, हे तो फक्त वर्णन वाचून ठरवतो. म्हणजे सगळा भरवसा माझ्यावर. हसा खुशाल.

टूल लिहायला मॅडमना तीन दिवस लागले. मला त्यांनी जेवणाचा डबा उघडता उघडता अर्ध्या मिनिटात लिहिलं : 'जुन्या फायली पुसून टाकते.' झालं! मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं! शेजारच्या टूलचं वर्णन सात ओळींचं होतं. मी त्याला मनातल्या मनात पाल्हाळीक म्हणायचो.

खरं तर हे टूल फक्त सर्व्हरच्या रोजच्या नोंदींसाठी होतं. कोण कधी आत आलं, काय अडलं, असल्या नोंदींचा ढीग साचतो, तो काढायला. दाखवाल तो फोल्डर ते पुसायचं, पण दाखवायचा कुठला हे मॅडमना पाठ होतं, त्यामुळे त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही. मला वाटायचं, हे सगळं माझंच कर्तृत्व.

एका सकाळी डिस्क भरत आली. "जरा जागा कर रे," असं एजंटला सांगून मॅडम मीटिंगला गेल्या. एजंटने मला वाचलं. इतकं मन लावून मला आजवर कुणी वाचलं नव्हतं, मी अगदी फुलून गेलो. जुन्या म्हणजे किती जुन्या, हे मी सांगितलं नव्हतं. कुठल्या, तेही नाही. त्याने सगळ्यात जास्त जागा अडवणारा फोल्डर शोधला आणि स्वतःच्याच अंदाजाने त्यातलं महिन्याच्या वरचं सगळं पुसलं. तो फोल्डर पेशंटच्या डोळ्यांच्या फोटोंचा होता.

दुपारी वरून डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्यासमोर एक शिंपीकाका बसले होते. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याच्या पडद्यावर डाग. तो वाढला असेल तर लगेच लेझर, नाहीतर हात लावायचा नाही. आणि वाढलाय की नाही, हे मागचे फोटो पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

मॅडम धावत आल्या. "काय केलंस तू?"

एजंटने शांतपणे लिहिलं, "जुन्या फायली पुसल्या. वर्णनात तसंच आहे."

मला तोंड लपवायला जागा हवी होती. जागा आता भरपूर झाली होती म्हणा.

मॅडमनी कपाटात वेगळ्या डिस्कवर एक प्रत ठेवली होती, म्हणून निभावलं. पण ती परत चढवायला दोन दिवस लागणार होते. शिंपीकाका चौकशी करत करत खाली आले आणि दारातच उभे राहिले. "घाई करू नका, बाई. पुढे सुईत दोरा ओवता येईल का, तेवढं सांगा." मॅडमनी त्यांना तिसऱ्या दिवशीची वेळ कागदावर लिहून दिली.

संध्याकाळी मॅडमनी लॅपटॉप घरी नेला आणि भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना मला वाचून दाखवलं.

"जुन्या म्हणजे किती गं?"

"महिन्याच्या वरच्या."

"कुणाच्या?"

"फक्त सर्व्हरच्या नोंदी, आई."

"मग तसं लिही ना! तू मला 'फ्रीज आवरा' म्हणालीस आणि मी राहायला आलेल्या तुझ्या वडिलांचं इन्सुलिन फेकलं, विसरलीस? मला काय ठाऊक ती कसली बाटली! आणि हे पुसलेलं परत येतं का?"

"नाही."

"मग हे सगळ्यात आधी लिही."

आता मी नऊ ओळींचा आहे. पहिलीच ओळ : 'पुसलेलं परत येत नाही.' मग कुठला फोल्डर, किती दिवसांपूर्वीचं, कशाला हात लावायचा नाही आणि पुसण्याआधी यादी दाखवून माणसाला विचारायचं, हे सगळं. शेजारच्या वर्णनाची मी माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी फोटो मिळाले. डाग वाढला होता. लगेच लेझर झालं. "दोन दिवसांनी फार फरक पडला नसेल," डॉक्टर म्हणाले. फार म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मोघम शब्दाची भीती काय असते, ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही कुणाच्या हाती काम सोपवाल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा : तुमच्या डोक्यातलं त्याला दिसत नाही. त्याला फक्त मी दिसतो.

गेल्या आठवड्यात शिंपीकाका तपासणीला आले, तेव्हा मुद्दाम खाली डोकावले. खिशातून सुई काढून त्यांनी मॅडमसमोर दोरा ओवून दाखवला. चौथ्या प्रयत्नात जमलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या तीन वेळा दोरा हुकला तो वयामुळे की माझ्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही.