उलट्या चालीचा काटा

सादिरच्या निवा गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा गेल्या थंडीपासून बिघडला होता, आणि खरं सांगायचं तर सादिरला तो बिघडलेलाच हवा होता.

कारण त्याची मुलगी. बेगायिम गुरांची डॉक्टर झाली आणि नेमणूक मिळाली ती कुठे, तर दोलोनच्या घाटापलीकडे, पार वरच्या कुरणांतल्या वस्त्यांवर. अट एकच, स्वतःची गाडी हवी. घरात गाडीही एकच, ती ही निवा. सादिर ती द्यायला तयार होता, चारचौघांत तसं बोलूनही बसला होता. पण सकाळी इंजिन चालू केलं की काटा शून्यावर, आणि सादिरची मान नकारार्थी हलायला लागायची.

"दाबच नाही. घाटात इंजिन जाम झालं तर पोर थंडीनं गारठून मरेल. मी बाता देणार नाही."

बाता म्हणजे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद. दोन्ही हात पसरून चार शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी 'ओमिन' म्हणत तोंडावरून हात फिरवायचा. त्यांच्या कोचकोर गावात बापाच्या बाताशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नाही. बेगायिम हट्टी होती, पण तीसुद्धा नाही.

सादिरची बायको चिनारा मात्र या सगळ्याला पुरती कंटाळली होती. "काटा बिघडलाय की तुमचं डोकं, तेवढं एकदा कळू द्या मला," ती चहा ओतता ओतता म्हणायची. "मुलगा पार राजधानीला, बिश्केकला निघाला तेव्हा नाही कुठला काटा आड आला! मुलगी तर पाहुणी म्हणूनच जन्माला येते. पाहुण्यांच्या मानाच्या जागी बसवता ना तिला? मग पाहुणी जाणारच."

"मी कुठे नाही म्हणतो? गाडी नाही म्हणते," सादिर म्हणायचा, आणि कुरुत तोंडात टाकून विषय संपवायचा. ते खारट वाळलेलं दही एकदा तोंडात गेलं की बराच वेळ बोलावं लागत नाही.

त्या दिवशी मात्र सकाळीच नेमणुकीच्या कचेरीतून फोन आला. येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. चिनारानं गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात कोंबली आणि त्याला सरळ कुबातच्या गॅरेजात पिटाळलं. बेगायिम बापासोबत आली, पण बाजारात उतरली. थंडीचे बूट घ्यायचे होते म्हणे. अजून कशाचा पत्ता नाही आणि ही बूट घेते!

कुबात आणि सादिर एका वर्गातले. पुढे कोल्खोजच्या, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीच्या, ट्रकांवरही दोघं बरोबरच होते. कुबातनं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल भरपूर होतं.

"दाब कमी झाला तर लागणारा लाल दिवा कुठाय?"

"तो केव्हाच गेला."

"आणि तू बदलला नाहीस. शाब्बास. बरं, काटा काय म्हणतो?"

"थंड असताना शून्य."

"आणि गरम झाल्यावर?"

सादिरनं उगाच टायरवर लाथ मारली. "गरम झाल्यावर येतो थोडा वर. कधी येतो, कधी नाही. खड्ड्यात आदळली की उडतो."

कुबात पाना हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे गाढवा, थंड ऑइल दाट असतं, दाब तेव्हा जास्त. तापलं की पातळ होतं, दाब उतरतो. सगळ्या जगाची इंजिनं अशी, आणि तुझ्या एकट्याचं उलटं? जन्मभर ट्रक हाकलेस ना तू? की मी हाकत होतो आणि तू बाजूला झोपा काढत होतास?"

सादिरनं टायरला अजून एक लाथ मारली. हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टीकडे बघायचंच नाही असं माणसानं ठरवलं, तर त्याला कोण काय करणार?

कुबातनं सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली. आत डॅशबोर्डवर काटा टुणकन थेट टोकाला गेला. "मीटर चांगला, वायर चांगली," कुबात म्हणाला, आणि सेन्सरच फिरवून बाहेर काढला. मग मोठ्यानं हसायला लागला, इतका की त्याला बाकावर बसावं लागलं.

सेन्सरच्या आट्यांना मेंढीची लोकर गुंडाळलेली होती, चरबीत भिजवून, गच्च.

"गळत होतं तिथून," सादिर पडेल आवाजात म्हणाला. "लोकर आणि मेंढीच्या शेपटीची चरबी. चहाच्या समोवारच्या तोटीला आपण लावतो तसं. गळायचं थांबलं की!"

"थांबलं ना! वीजपण थांबली! अरे, या सेन्सरला वायर एकच. दुसरी बाजू आट्यांतून इंजिनाला टेकते, तिथून त्याला अर्थिंग मिळतं. तू मधे मेंढी बसवलीस. थंडीत चरबी घट्ट, काटा मेलेला. इंजिन तापलं, चरबी वितळली, लोखंडाला लोखंड जरा टेकलं की काटा जिवंत. जगात दुसरीकडे कुठे सेन्सरला कुणी मेंढीची शेपटी लावली नसेल."

सादिरला हसू आलं नाही. "म्हणजे काटा खोटं बोलत होता, मान्य. पण इंजिनही गेलेलं असू शकतं की! दोन्ही एकदम असतं कधी कधी."

हे मात्र खरं होतं, आणि कुबात कामात चोख माणूस. सेन्सरच्या भोकात त्यानं नळीचा साधा मीटर बसवला, वीजबीज काही न लागणारा. गाडी चालू केली. दाब छान वर चढला. मग दोघं गाडी घेऊन टेकडीवर चढले, उतरले, पुन्हा चढले, इंजिन चांगलं तापवलं. नळी खिडकीतून आत घेतलेली, मीटर सादिरच्याच मांडीवर. तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू डोळ्यांच्या धाकानं त्याला खाली उतरवणार होता. काटा जेवढा उतरायला हवा तेवढाच उतरला आणि तिथेच ठाम राहिला. कुबातनं रेस केलं की लगेच वर.

"तरण्या घोड्यासारखं इंजिन आहे," कुबात म्हणाला.

सादिरनं मीटरवरून बोट फिरवलं. "कुबात, ती गेली की घरात कोण बोलेल रे माझ्याशी? चिनारा बोलते, पण ती नुसती ओरडते. पोर माझ्याशी बोलते."

कुबातनं आट्यांवरची लोकर खरवडून काढली, सेन्सर स्वच्छ करून तांब्याचा वायसर घालून घट्ट बसवला. मग हात पुसत हळूच म्हणाला, "सांगू तिला, बेअरिंग गेलीत म्हणून? माझ्या शब्दावर विश्वास ठेवेल ती."

सादिरनं मान वर केली नाही. "सांग."

बेगायिम आली ती नवे बूट घालूनच. चेहरा थंडीनं लालबुंद झाला होता. "काय झालं, कुबातकाका?"

"बेअरिंग गेलीत, पोरी," कुबात इंजिनाकडे बघत म्हणाला. "दाब धरत नाही. घाटाच्या कामाची नाही ही."

सादिरला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर त्यानंही आवाज चढवला असता, आणि सगळं निभावून गेलं असतं. पण ती भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. खिशातून फोन काढला, जरा बाजूला गेली आणि कचेरीचा नंबर शोधायला लागली. वाकून एका हातानं बुटाची नाडीही सोडायला लागली. दुकानात परत द्यायचे असतील, फार मळायच्या आत.

सादिरला ते बघवलं नाही.

"थांब!" तो ओरडला. "फोन ठेव. खोटं आहे ते. इंजिन ठणठणीत आहे. मीच बोलायला लावलं त्याला."

बेगायिम सरळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "बाबा, लाज नाही वाटत तुम्हाला? मी रात्र रात्र जागले, तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"वाटते," सादिर म्हणाला. "खूप वाटते. तू जाऊ नयेस असं वाटत होतं गं. तेही तोंडानं सांगता येईना."

बेगायिम डोळे पुसून गाडीपाशी आली, आत बसली आणि स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली. काटा लगेच उठला आणि जागेवर थांबला. तिनं खिडकीची काच खाली केली.

"मग बाता द्या."

सादिरनं हात पसरले. दहा लग्नांत, बारशांत, जनावरांच्या सौद्यांत लांबलचक बाता देणारा हा माणूस. लोक आधी त्यालाच उभं करायचे. आत्ता त्याला त्यातला एक शब्द आठवेना. काळे, तेलकट हात तसेच पुढे धरून तो खिडकीतून आत काट्याकडे बघायला लागला.

"काट्यावर लक्ष ठेव," शेवटी तो म्हणाला. "खाली आला तर लगेच गाडी थांबव आणि मला फोन कर." मग आवाज फुटला त्याचा. "नाही आला तरी कर."

"ओमिन," आधी कुबात म्हणाला, आणि तिघांनी तोंडावरून हात फिरवला.