तारांची उंची

गिटार डोळ्यापाशी नेऊन दुरुस्तीवाल्या काकांनी तिच्या मानेवरून नेम धरल्यासारखी नजर टाकली, एक तार दाबून सोडली, मग दुसरी. माझ्या हातांविषयी काहीतरी कायमचं ठरत असावं, असं मला वाटलं.

"किती दिवस वाजवताय?"

"पाच महिने."

"हिच्यावर?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो ताई, माझ्याच्यानं दाबवेना. मान वाकलीय, तारा फळीपासून दुप्पट उंच झाल्यात. ही गिटार कुठली, कपडे वाळत घालायची दोरी!"

मला हसू आलं नाही. पाच महिने मी एका बोटाखाली सहा तारा आणू पाहत होते, आणि दर संध्याकाळी त्यांतून ओलं लाकूड ठोठावल्यासारखा मठ्ठ आवाज निघत होता. तर्जनीची कातडी फाटली, भरली, पुन्हा फाटली. कचेरीतल्या हजेरीच्या यंत्रानं ते बोट ओळखणं सोडून दिलं. "बाई, बोट नवं बसवून घेतलंत की काय?" कारकुनानं सगळ्यांदेखत विचारलं होतं. दोष माझाच, हे मी एव्हाना मुकाट्यानं पत्करलं होतं. आज गिटार आणली होती ती विकून टाकायला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं की," काका मान सरळ करायची किल्ली शोधत म्हणाले, "आधी घेऊन आले होते त्यांना. उंच, भुवईवर खोक असलेले. राहू द्या म्हणाले."

तो माझा दादा. गिटार त्याचीच, त्यानंच मला दिलेली.

अर्ध्या तासात मान सरळ झाली. मी बोट आडवं टेकवलं. सहाही तारा स्वच्छ, निर्दयपणे स्वच्छ वाजल्या. विकायचा विषयही न काढता मी तडक घरी निघाले.

दादा जिन्याच्या पायरीवर बुटांना पॉलिश करत बसला होता.

"मान वाकलीय हे तुला ठाऊक होतं."

ब्रश थांबला.

"आणि वर मलाच म्हणायचास, तुझी बोटं म्हणजे उकडलेल्या शेंगा."

"मला कळलं तोवर हिच्यावर माझी तीन वर्षं गेली होती गं," तो बुटाकडे पाहतच म्हणाला. "ह्याच्यात दम नाही, असं बाबांपासून सगळे बोलून मोकळे झाले होते. मलाही ते पटलं होतं. तुला सांगितलं असतं, तर महिन्याभरात वाजवायला लागली असतीस."

"मग?"

"मग माझी तीन वर्षं कुठं ठेवू?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावून घेतलं. दादानं मान वर केली. आयुष्यात त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"एकदा वाजवून दाखव ना. कशी वाजते, एवढंच ऐकायचंय."

गिटार छातीशी धरून, एकही तार न छेडता, त्याच्या बुटांना वळसा घालून, मी पायऱ्या चढत वर गेले.