परातीत पडलेली कीड

दातांची कीड काढणाऱ्या बाबांच्या दारापासून नाक्यापर्यंत रांग होती आणि रांगेतला प्रत्येकजण गाल धरून उभा होता. आत पाण्याच्या परातीत निखाऱ्यांचं भांडं. बाबा निखाऱ्यांवर बिया टाकत आणि रुग्णाचा वासलेला जबडा त्या धुरावर धरून वर चादर घालत. “सुई नाही, पक्कड नाही! कीड आपल्या पायांनी चालत येते, मी फक्त दार उघडतो!” चादर काढली की परातीत पांढरे किडे! बिनपायांची कीड चालते कशी, हे विचारायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं.

घड्याळजीची बायकोही तिथे जाऊन आली. तिला तरी दुसरा मार्ग कुठे होता? मागे दात बधिर करायचं इंजेक्शन देताच तिच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला, मरता मरता वाचली. तेव्हापासून दातांचे डॉक्टर तिचा ॲलर्जीचा कागद वाचून हात जोडत. आता ठणका थांबला होता, पण गाल टम्म सुजला होता.

“मोठ्या हॉस्पिटलात जाऊ या गं,” घड्याळजी काकुळतीला आला.

“कीड गेली, सूजही जाईल. पुन्हा सुई टोचून मारायचंय का मला?”

 त्या इंजेक्शनच्या दिवशी त्यानेच तिला समजावून डॉक्टरच्या खुर्चीत बसवलं होतं.

तिने जपून आणलेला एक किडा त्याने भिंगाखाली धरला. तोंड नाही, वळ्या नाहीत. टोकाला बीचं टरफल. घरी धुरी घ्यायला बाबांनी दिलेली बियांची पुडी त्याने फोडली आणि तिच्यासमोर पाण्याच्या परातीत ठेवलेल्या निखाऱ्यांवर टाकली. बिया तडतडल्या, फुटल्या, आतले पांढरे कोंब उडून पाण्यात पडले. सात किडे! आणि परातीवर कुणाचंच तोंड नव्हतं.

ती बघत राहिली, मग रडायलाच लागली. “मग मी आता करू काय?”

 तो तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेला.

“दाताची नस मेली म्हणून ठणका थांबला. पू पसरतोय,” तिथली डॉक्टरीण म्हणाली. “ॲलर्जी बहुतेकदा एका औषधाची असते, सगळ्यांची नव्हे. कुठलं चालतं ते आम्ही आधी तपासतो. एकही चाललं नाही, तर पूर्ण भूल देऊन दात काढता येतो. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?”

“नाही हो. बरी होईल ना?”

“सूज घशाकडे उतरतेय. चार दिवस आधी यायला हवं होतं.”

तिला आत नेलं आणि दार बंद झालं. 

लोकहो, दुखणं असह्य झालं की माणूस काडीचाही आधार घेतो, त्याला हसू नका. पण तोंड नसतानाही ज्या इलाजात कीड पडते, तो दातावरचा इलाज नव्हे. आणि डॉक्टर एकदा नाही म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा.