आत्याचा पक्षी

विमानात बसून जमिनीखालचं खनिज शोधणार, असं आत्यानं घरी सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, "मला नाकावरचा चष्मा सापडत नाही, आणि तू वरून पाताळ बघणार?"

कंपनीतही तीच गत. तिथले मुख्य भूवैज्ञानिक साहेब जन्मभर हातोडी घेऊन डोंगर ठोकत हिंडलेले. "बाई, खनिज पायांनी सापडतं," ते म्हणत.

पण आत्या हट्टाला पेटली. तिनं विमानाखाली लांब दोराला चुंबकीय मोजमापाचं यंत्र टांगलं. त्याला सगळे 'पक्षी' म्हणत. असलं काम कंपनीत तोवर कुणी केलं नव्हतं. आणि आपल्याला विमान लागतं, हे आत्यालाही तोवर ठाऊक नव्हतं. एक डोळा विमानातल्या मोजमापाच्या काट्यावर, एक हात ओकारीच्या पिशवीवर, अशी ती काम करी.

एकदा दोर तुटला आणि पक्षी पत्रा फोडून एका कोंबडीवाल्याच्या शेडमध्ये पडला. बॉम्ब समजून लोकांनी पोलीस बोलावले. आत्या पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यानं धावत पोचली.

"तो पक्षी माझा आहे!"

फौजदारानं शेडकडे पाहिलं. "इथे चारेकशे आहेत. त्यातला कुठला?"

कोंबडीवाल्याला भरपाई नको होती, विमानात बसायचं होतं. बसवलं. पक्षी दुरुस्त झाल्यावर तो आत्याशेजारी अखंड बडबडत उडाला. एका टेकडीवर काटा असा उसळला की आत्या ओकायचंच विसरली.

कंपनीत हे ऐकून साहेब हसले. "कोंबडीवाल्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असणार."

"पक्षी एवढा खाली लोंबतो, साहेब. किल्ल्यांचा परिणाम तिथवर पोचत नाही."

"मग त्याला वगळून जा."

ती गेली. काटा तिथंच उसळला. साहेबांनी नाक मुरडत बोअर घ्यायला परवानगी दिली. वर आलं ते काळंकुळकुळीत, जडशीळ लोहखनिज. आणि टेकडी तीच, जिच्यावर बसून साहेब वर्षानुवर्षं डबा खात आले होते!

वैमानिकाला राहवलं नाही. "साहेब, पायांनी नाही, पण बसल्या जागी सापडलं असतं."

साहेब आठवडाभर आत्याला टाळत राहिले. मग आपणहून आत्याच्या टेबलाशी आले. "मला एकदा न्याल का वर?"

त्या उड्डाणात ते खिडकीला नाक लावून बसले. उतरल्यावर हळूच म्हणाले, "एवढे डोंगर तुडवले, पण ते एकमेकांना असे चिकटलेले आहेत, हे आज कळलं."

आत्यानं नकाशा त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. "उद्या किती वाजता निघायचं?"