हिरवाच पिकणारा आंबा

लेडलो टुइटची टॅक्सी म्हणजे चाकं लावलेला खोकला. पण गडी रस्ता सांगायचा तो नसलेल्या गोष्टींवरून. "कापसाच्या गोदामापाशी डावीकडं वळायचं," म्हणायचा, आणि गोदाम तर कधीचं राखेखाली. बेटावरची सगळीच जुनी माणसं अशी. ज्वालामुखीच्या डोंगरानं अख्खं प्लिमथ गाव गिळलं, पण यांच्या तोंडी त्याचे नाके अजून शाबूत.

त्या दिवशी गाडीत आयोना रायली होती. लहानपणची शेजारीण. डोंगर फुटला तेव्हा बापाला घेऊन इंग्लंडला गेली, ती आता केस पिकवून आली. तिला एकच पाहिजे होतं : बापानं परसात लावलेल्या आंब्याची काडी. तो आंबा पिकला तरी हिरवाच राहायचा. तसलं झाड बेटावर दुसरं नव्हतं. बाप आता पार थकला होता, खाटेवरून उठत नव्हता, पण रोज जेवताना विचारायचा, "आपल्या आंब्याचं काय झालं गं?" काडी मिळाली तर लेडलोच्या अंगणातल्या रोपावर कलम बांधायचं, नाहीतर त्या झाडाचा वंशच बुडाला.

"मेलंय ते झाड," लेडलो म्हणाला. "जगलं असतं तर मला दिसलं नसतं?"

"तुला समोरचा खड्डा दिसत नाही, लेडलो."

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटलीच.

गाडलेल्या गावात पोलिसाशिवाय सोडत नसत, म्हणून फाटकापाशी हवालदार ॲलन गाडीत चढला. खांद्यावर वायरलेस. "डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेनं बोलावलं की निघायचं. 'जरा थांब' नाही, 'एक फोटो' नाही."

"अरे, हा डोंगर मी तुझ्या आधीपासून ओळखतो," लेडलो म्हणाला.

"डोंगर तुम्हाला ओळखतो का, काका?"

गाडी लावून तिघं राखेवरून चालू लागले. लेडलोच्या तोंडाचा पट्टा सुरूच. इथं न्हावी, इथं बेकरी, इथं तुझ्या आत्यानं मला छत्रीनं बडवलं. पायाखाली नुसतं करडं माळरान. मग एके ठिकाणी पत्र्याच्या छपराचा कणा तेवढा वर आलेला दिसला, त्याच्या टोकाला वारा दाखवणारा लोखंडी कोंबडा.

"आमचा कोंबडा!" आयोना म्हणाली.

घर सापडलं. झाड काही दिसेना. ती परसाच्या बाजूला गेली, मान वर करकरून बघू लागली. एवढा उंच आंबा, आभाळात तर दिसायलाच पाहिजे. चार झुडपं सोडली तर कुठं काही नाही. तिचा चेहरा उतरला. लेडलोला 'सांगितलं नव्हतं का' म्हणायचं होतं, पण त्यानं जीभ आवरली.

त्याला ऊन लागलं म्हणून तो एका दाट झुडपाच्या सावलीला गेला. तिथं एक रानटी झालेली शेळी बसली होती, जागा सोडायला तयार नाही.

"ऊठ, नाहीतर रस्सा करीन तुझा!"

शेळी उठली, पण नाराजीनं. तिच्या जागेवर एक अर्धवट खाल्लेलं हिरवं फळ पडलेलं. "कच्चं," म्हणत लेडलोनं ते लाथाडलं. ते घरंगळत आयोनाच्या पायाशी गेलं. तिनं उचललं. वरून हिरवंगार, आत शेंदरी. तिनं नाकाशी नेलं आणि खालीच बसली.

"लेडलो, लहानपणीपण तू याला कच्चा म्हणूनच चोरायचा नाहीस."

"म्हणजे...? पण झाड कुठंय?"

ॲलन आणि तो आभाळात बघायला लागले. आयोना मात्र झुडपात शिरली. पानं बाजूला सारली तर आंबे राखेला टेकलेले, आणि मांडीएवढी जाड फांदी सरळ खाली जमिनीत गेलेली. हे झुडूप नव्हतंच. झाड होतं, गळ्यापर्यंत गाडलेलं. इतका वेळ तिघं त्याच्या शेंड्याभोवतीच घिरट्या घालत होते.

वायरलेस खरखरला. डोंगर ढगात गेला होता, वेधशाळेला तो दिसेना, परत या.

"निघा!" ॲलन ओरडला.

"चाकू!" आयोना ओरडली.

"आधी निघा!"

"साहेब, तिचा बाप खाटेवर वाट बघतोय," लेडलो म्हणाला आणि चाकू फेकला. ती दोन फांद्यांच्या बेचक्यात बसून भराभर काड्या कापू लागली. ॲलननं कपाळावर हात मारला, मग पाण्याची बाटली आपल्याच रुमालावर ओतून तो ओला रुमाल काड्या गुंडाळायला तिच्यापुढं धरला.

संध्याकाळी लेडलोच्या ओट्यावरून तिनं बापाला फोन लावला.

"काडी मिळाली, बाबा."

"झाडावर कोण चढलं?"

"मी."

"शेंड्याला?"

"अगदी शेंड्याला."

"तुला किती वेळा बजावलं होतं, वरच्या फांदीवर पाय ठेवायचा नाही म्हणून!"

"पाय नाही ठेवला, बसले होते," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडून बाप म्हणाला, "शेळ्यांपासून जपा त्याला."

कलम लागलं. तांबूस पालवी फुटली तेव्हा आयोना परत गेलेली होती, म्हणून लेडलोनंच फोन करून म्हाताऱ्याला सांगितलं. आता लेडलो पाहुण्यांना म्हणतो, "आमच्या आंब्यापाशी वळायचं." लोक मान वर करून झाड शोधतात. हा बोट खाली करतो.