लामदुआनचा गांजा

“दाजी, फाटकाला कडी कशाला घातलीत? झाडं काय पळून जाणारेत?”

सायसुनी कुंपणाबाहेर उभी होती. एका हातात केस कापायच्या कात्र्या, दुसऱ्या हातात चिकट भाताची वेताची टोपली. बुनतान ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला. मेव्हणीला नाही म्हणणे त्याला बायको असतानाही जमले नव्हते, आणि आता ती गेल्यावर तर ते शक्यच नव्हते. तो उठला आणि त्याने कडी काढली.

परसात विहिरीच्या कडेने गांजाची झाडे उभी होती. पुरुषभर उंच, भरदार. गावातली भातकापणी उरकली होती, फू फानच्या डोंगरावरून सकाळचा गार वारा उतरू लागला होता, आणि झाडांचे शेंडे आपल्याच भाराने वाकले होते. तुऱ्यांतले पांढरे तंतू तपकिरी होऊन आत वळले होते. सायसुनीने एक तुरा दोन बोटांत हलकेच दाबला आणि बोटे नाकाशी नेली.

“पिकलंय. आणखी ठेवलंत तर दवानं आतून कुजेल. ताईनं लावलेलं कुजवणार आहात?”

“लावलं मी. ती खुर्चीवर बसून नुसती हुकूम सोडत होती.”

“म्हणजे तिनंच लावलं.”

 उभा जन्म बुनतानने गाव ते जिल्हा अशी दोन बाकांची प्रवासी गाडी चालवली होती. गाडीत त्याचा शब्द चाले, घरात बायकोचा, लामदुआनचा. भातलावणीच्या सुमाराला तिला पोटाचा आजार निघाला आणि इस्पितळातल्या औषधांनी तिची भूक पार मारून टाकली. थायलंडच्या सरकारने गांजावरची बंदी उठवली ती त्याच वर्षी. लामदुआन म्हणाली, माझी आई कोंबडीच्या रश्श्यात ह्याची कोवळी पाने टाकायची, तेव्हा आमच्या घरात भाताचे शीत उरत नसे. बुनतानने आरोग्य केंद्रात जाऊन नाव नोंदवले आणि रोपे आणली. पानांचा रस्सा तिने पावसाळाभर घोट घोट घेतला. कधी वाटीभर, कधी नुसता वास. पण झाडांना तुरे धरू लागले तेव्हा तिला पुन्हा इस्पितळात न्यावे लागले, आणि तिथेच ती गेली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालत होता. तेवढे एक काम तिने सांगितलेले उरले होते. झाडे कापली की तेही संपणार होते, हे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

“कापून करायचं काय?” त्याने विचारले. “खाणारं कोण आहे?”

“लागणारी माणसं कमी आहेत का जगात? इस्पितळात एवढे दिवस काढलेत, एक तोंड आठवत नाही?”

आठवत होते. एकच आठवत होते, आणि ते आठवले की त्याला अन्न गोड लागत नसे. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नसत. तो आवारात आपल्या गाडीत झोपे. सकाळी आत गेला की लामदुआन सांगे, रात्री उलटी झाली तेव्हा शेजारच्या खाटेवरची पिआंगताई उठली, तिने भांडे धरले, तोंड पुसले, पाणी पाजले. स्वतः तेवढीच आजारी बाई. बुनतान तिला लांबूनच हात जोडी. बायकांच्या वॉर्डात परक्या बाईशी काय बोलायचे, या संकोचात दिवस गेले. मग लामदुआन गेली. त्याने चटई गुंडाळली, चपला उचलल्या आणि तो तिच्या मागोमाग निघून आला. त्या बाईला ‘येतो’ एवढेही म्हणाला नाही.

“बान ना खाम गावची होती ती,” तो अखेर म्हणाला. “आहे का नाही, कोण जाणे.”

“असेल,” सायसुनी म्हणाली आणि तिने सर्वांत मोठी कात्री त्याच्या हातात ठेवली.

त्याने पहिली फांदी कापली तेव्हा परसभर वास सुटला. वास शेजारी गेला आणि वासामागून शेजारी आले. दुपारपर्यंत खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत चटया पसरल्या गेल्या. गावप्रमुखाची बायको आली, नूडल्सचा गाडा लावणारी विधवा सोनमावशी आली, आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी बोलावले नव्हते. गाडी ठासून भरली तरी बुनतानने कधी कुणाला रस्त्यात उभे ठेवले नव्हते. बाळंतपणाच्या कितीतरी बायका त्याने वेळेत पोहोचवल्या होत्या. यातले कुणी काही बोलून दाखवले नाही. जी ती आपापली कात्री घेऊन बसली.

पंज्याएवढी मोठी पाने हाताने खुडून वेगळी करायची, मग तुऱ्याला चिकटलेली बारीक पाने कात्रीच्या टोकाने काढायची. मोठ्या पानांचा ढीग सोनमावशीने नूडल्सच्या रश्श्यासाठी मागून घेतला. सायसुनीने गावातल्या तीन पिढ्यांचे केस कापले होते, त्यामुळे इथेही मुकादमकी तिच्याकडे होती.

“अगं, केस बारीक करायचेत, मुंडण नाही,” ती प्रमुखाच्या बायकोला म्हणाली. “हा काही भिक्खू व्हायला निघालेला नाही.”

कात्र्यांची पाती चिकाने एकमेकांना धरू लागली, बोटे काळी झाली. बुनतान खोबरेल तेलाची वाटी घेऊन प्रत्येकीपुढे फिरत होता. संध्याकाळी प्रमुख स्वतः बायकोला न्यायला आला आणि पायरीवर उभा राहून बघत राहिला.

“माझ्या बापाला ह्याच्या दोन झाडांपायी पोलिसांनी धरून नेला होता,” तो म्हणाला, “आणि आज माझी बायको चारचौघांत बसून ह्याची हजामत करतीय.”

“बस तू पण,” सोनमावशी म्हणाली. “बापाचं नाव काढ.”

तो बसला. बुनतानने मासे भाजले, कच्च्या पपईचे सॅलड कांडले. लामदुआन गेल्यापासून त्या घरात इतकी माणसे जेवली नव्हती. मग तो सगळ्यांच्या हातांवर पाणी घालू लागला. तो नुसता पाणी घालत राहिला, हात स्वच्छ झाले तरी.

फांद्या त्याने भाताच्या कोठारात उलट्या टांगल्या. अंधार, वारा, आणि एकमेकींना न लागणाऱ्या जुड्या. इतके साधले की झाले, असे त्याला वाटले होते. पण त्या आठवड्यात अवेळी पाऊस आला. उत्तरेकडून गार झड लागली आणि कोठाराच्या फळ्या ओलसर झाल्या. सकाळी तो बघायला गेला तर एका जुडीवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती. त्याने ती जुडी लांब नेऊन जाळली. उरलेल्या जुड्या कुठे न्याव्यात याचा विचार करत तो घरभर फिरला. ओल न येणारी खोली एकच होती, निजायची. तिथे छताला मच्छरदाणीच्या दोऱ्या होत्या. त्याने मच्छरदाणी सोडली, घडी करून ठेवली आणि त्या दोऱ्यांवर जुड्या टांगल्या.

सायसुनी आली आणि दारातच थांबली.

“ताईची जागा बरी भरलीत, दाजी.”

म्हणून झाल्यावर तिला स्वतःचेच शब्द लागले. ती आत आली, एक जुडी दुसरीला टेकत होती ती सोडवली आणि खिडकीशी नवी दोरी बांधून तिथे टांगली. मग दोघांनी त्या हिरव्या छताखाली उभे राहून एकेक जुडी तपासली. बाहेर पाऊस पडत होता.

बुनतान जुड्यांच्या खालीच झोपू लागला. उठल्याबरोबर तो वाळली का म्हणून एखादी काडी वाकवून बघे. ती नुसती लवत असे. पाऊस गेला, कोरडा वारा पुन्हा सुरू झाला, आणि एका सकाळी काडी त्याच्या बोटांत कट् करून मोडली. एवढ्याशा आवाजाने त्याला इतका आनंद झाला की तो तसाच अनवाणी सायसुनीकडे सांगायला गेला.

आता मुरवायचे होते. सायसुनीने मोठ्या तत्परतेने आंबवलेल्या माशांच्या बरण्या आणून दिल्या. बुनतानने एकीचे झाकण उघडले आणि परत लावले. सात वेळा राखेने घासली तरी त्या बरणीतला गांजा पिआंगताईला मासाच लागला असता. शेवटी सोनमावशीने गाड्यावर साठलेल्या कॉफीच्या काचेच्या बरण्या दिल्या. त्यात त्याने तुरे दाबून न बसवता अलगद भरले.

मुरवणे म्हणजे बरणीत घालून विसरणे नव्हे. रोज झाकण उघडायचे, आतली कोंडलेली ओल जाऊ द्यायची, तुरे हलवायचे, पुन्हा लावायचे. पहिले काही दिवस बरणीतून नुसता ओल्या पेंढ्याचा वास आला आणि त्याचे मन खट्टू झाले. सायसुनी म्हणाली, लोणचे घातल्या दिवशी चाखून कुणी नाव ठेवते का? तो धीर धरून राहिला. हळूहळू पेंढ्याचा वास मागे सरला आणि त्याखालून दुसराच वर आला, लिंबाच्या सालीचा, पावसात भिजलेल्या लाकडाचा. बरणी उघडायची म्हणून तो वेळेवर उठू लागला. रिकाम्या पोटी त्या वासाने गरगरते म्हणून आधी दोन घास खाऊ लागला. कधीतरी त्याच्या लक्षात आले की आपण रोज न्याहारी करतो आहोत. त्याने मनातल्या मनात बायकोचे आभार मानले.

थंडी सरायच्या आत तो बान ना खामला गेला. गाडी धुतली, धुवट शर्ट घातला, बरण्या कापडात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवल्या. वाटेत दोनदा त्याला परत फिरावेसे वाटले. ती बाई नसली तर कुणाच्या दारात काय म्हणून उभे राहायचे?

पिआंग होती. सूत रंगवायच्या निळीच्या रांजणांशेजारी खुर्चीत बसलेली, डोक्याला फडके बांधलेले, हाडांची नुसती मोळी. तिची मुलगी सूत पिळत होती आणि ही बसल्या जागेवरून तिला चुका दाखवत होती. बुनतानने हात जोडले.

“लामदुआनचा नवरा,” तो म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. “गाडीत झोपायचा तो? बस.”

तो बसला. वाटेत घोकलेले सगळे त्याने एका दमात सांगून टाकले. “ताई, रात्री तुम्ही तिच्यासाठी उठत होता. भांडं धरत होता, तोंड पुसत होता. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. हे तिच्या झाडांचं आहे. तुमच्यासाठी आणलं.”

पिआंगने बरण्यांकडे पाहिले नाही.

“कोण उठत होतं?”

“तुम्ही.”

“मला कूस बदलायला दोन माणसं लागायची, भाऊ. मी कुठली उठते? ती उठायची. सलाईनचा खांब ढकलत यायची, त्याचं एक चाक कुरकुरायचं. भांडं ती धरायची, माझं. मी म्हणायची, झोप बाई, नवऱ्याला कळलं तर ओरडेल. तर म्हणायची, त्याला मी सांगितलंय, तूच उठतेस म्हणून.”

बुनतान हातातल्या कापडाची घडी घालत राहिला. “मीच बजावलं होतं तिला,” तो म्हणाला. “खाटेवरून उतरायचं नाही म्हणून.”

“माहितीये. नक्कल करायची तुझी.” पिआंगने घोगरा आवाज काढला. “‘पाय खाली टेकलास तर बघ.’ हसू आलं की मला दुखायचं, तरी करायची.”

आवाज अगदी त्याचाच होता. पिआंगची मुलगी पाठ फिरवून हसली. बुनतानही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

“मी यायला हवं होतं तुझ्याकडे,” पिआंग म्हणाली. “पायांत त्राण नाही म्हणून राहिलं. तिनं केलं ते माझ्या लेकीनंही केलं नसतं. हे तुला सांगायचं राहिलं होतं.”

मग तिने बरणी मांडीवर घेऊन उघडली, डोळे मिटून वास घेतला आणि झाकण नीट लावले. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेईन म्हणाली, झोप तर महिनोन् महिने लागली नाही. मुलीने पान वाढले. पिआंगने चिकट भाताचा एक गोळा हातात घेतला आणि पाहुण्याला सोबत म्हणून बराच वेळ तो थोडा थोडा खात राहिली.

निघताना तीही उठली. मुलगी धरायला धावली तर तिने तिचा हात बाजूला केला.

“रस्त्यापर्यंत येते,” ती म्हणाली.

चार पावले चालायची आणि थांबायची. बुनतानने तिला हात दिला नाही. कोपर तेवढे तिच्या बाजूला मोकळे ठेवले. फणसाच्या झाडापाशी तिने ते धरले. रस्ता अजून लांब होता. वाळत घातलेल्या निळ्या सुतांखालून दोघे तिच्या चालीने चालत राहिले, आणि ती थांबली की तोही थांबत होता.