उसानं खाल्लेलं वळण

आमच्या गावचं स्टेडियम फक्त घारींना आवडावं, अशा बेतानं बांधलंय. सांगलीच्या ऋषिराज नावाच्या आर्किटेक्टनं ते काढलं. प्रेक्षकांवरचं छत म्हणजे उमललेली पाकळी, असं तो सांगतो. खालून बघितलं तर गुरांची गव्हाण दिसते. ते त्याला सांगितलं की तो म्हणतो, वास्तू वरून बघायची असते. म्हणजे गावातली सगळी माणसं जमिनीवर राहतात, हीच त्यांची चूक.

त्याला एका स्पर्धेत पाठवायला वरून काढलेले फोटो हवे होते. माझा ड्रोन एरवी इस्लामपूर-कडेगाव पट्ट्यातल्या लग्नांत नवरदेवाच्या डोक्यावर घिरट्या घालतो. वरून बघितलं की फेटा कुठला आणि जिलेबीची परात कुठली ते कळत नाही. त्यामुळं स्टेडियमचं काम मी आनंदानं घेतलं. उन्हं कलल्यावर ड्रोन सोडला आणि पाकळी खरोखरच पाकळी दिसली. मला ऋषिराजचा रागच आला.

पण धावपट्टी एका बाजूनं दबलेली होती. ऋषिराजनं लॅपटॉपवर फोटोवर आपला नकाशा ठेवला. नकाशात जिथं उत्तरेचं वळण होतं, तिथं फोटोत ऊस उभा होता. कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं, इथं शेतानं मैदान खाल्लं होतं.

ऊस मैदानाला लागून शेत असलेल्या दादासोंचा. बांध कोरणं हा आमच्याकडचा खरा खेळ, त्याला स्टेडियम लागत नाही. नांगरटीला शेजाऱ्याचा बांध जरासा आत घ्यायचा, पुढच्या नांगरटीला आणखी जरासा. मैदानाच्या त्या बाजूला भिंत झालीच नव्हती, आणि मैदान काही भांडायला येत नाही. पावसात पट्टीवरच्या रेघेची पांढरी फक्की धुऊन जायची. मग शाळेचे मास्तर नवी रेघ मारायचे, ती ऊस जिथं सोडील तिथून. बसल्या जागेवरून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच पट्टीवर दादासोंची मुलगी सृष्टी रोज पळायची. पोलीस भरती महिन्यावर आली होती आणि आठशे मीटरवर, म्हणजे पट्टीच्या दोन फेऱ्यांवर, तिचं सगळं अडलं होतं. बाप स्वतः मोबाइलवर तिची वेळ लावायचा आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचा की साताऱ्याच्या पोरींना आमची सृष्टी धुरळा खायला लावणार.

आमची कुजबुज ऐकून सृष्टी पायरीवरून उठून आली. तिनं फोटो बघितला, नकाशा बघितला. मग ऋषिराजला विचारलं, "म्हणजे मी आठशे पळतच न्हाई?"

ऋषिराजला पाकळ्यांवर तासभर बोलता येतं. ह्यावर त्यानं पडद्यावर उसात गेलेली रेघ बोटानं दाखवली.

तेवढ्यात दादासो आले. त्यांना सगळं दाखवलं. आधी म्हणाले ड्रोन तिरका उडाला असणार. मग म्हणाले वाऱ्यानं ऊस कलतो. शेवटी म्हणाले कोयनेला भूकंप होतात, त्यात मैदानच सरकलं असेल. एवढं मोठं मैदान सरकलं आणि त्यांचा बांध तेवढा जागेवर राहिला, हे कसं, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या बापानं कोरलेल्या बांधाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मैदानावर बोलावलं. नकाशातल्या खऱ्या रेघेवरून ड्रोन हळूहळू पुढं न्यायचा, ती खालून पळणार. मी म्हटलं, अगं, मध्ये ऊस आहे.

"रेघ हाय का न्हाई तितं?" तिनं विचारलं.

दादासो नेहमीसारखे मोबाइल धरून उभे होते. त्यांना वाटलं, आज शूटिंग आहे. सृष्टी सुटली, सरळ भाग संपला, आणि वळणावर ती उसात शिरली. दादासोंनी हाक मारली, पण ती थांबली नाही. माझ्या पडद्यावर उसाचे शेंडे हलताना दिसत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा हलत होते. लग्नात असलं काही मी कधी काढलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा गालावर, हातावर पात्यांनी कापलेलं होतं. बापासमोरून तशीच पुढं गेली, फेरी पुरी केली आणि दुसऱ्या फेरीला पुन्हा उसाकडं वळली.

दादासो तिच्या आडवे गेले. तिला पायरीवर बसवून घरी गेले आणि कोयता घेऊन आले. कारखान्याची ऊसतोड टोळी यायला अजून अवकाश होता आणि ऊस कोवळा होता. मी ऋषिराजचा नकाशा बघून सांगत गेलो आणि ते तोडत गेले. गावातली माणसं गुरांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं न्यायला आली, तसं दादासोंनी एकेकाला शिव्या दिल्या आणि वाढंही दिलं. फोटो काढायचा माझा बेत होता, पण त्यांनी माझ्या हातात दुसरा कोयता दिला.

बुडखे खणून काढले आणि संध्याकाळी नवी रेघ पडली. सृष्टी दोन फेऱ्या पळाली आणि बापाजवळ येऊन वाकून उभी राहिली. तिनं वेळ विचारली. त्यांनी मोबाइल तिच्यापुढं धरला.

"आण्णा, लय लांब वाटतंय," ती म्हणाली.

"लांबच हाय पोरी," दादासो म्हणाले. "मीच आखूड केलतं. पळ."